जुन्याला शेजार आवडत नाही

"जुन्याला कळणारसुद्धा नाही शेजारी कोणी राहायला आलंय ते," सूनबाई भर बैठकीत म्हणाली आणि तिने पेनाला टोपण असं टक्कन लावलं, की विषय तिथेच मिटला असं सगळ्यांना वाटलं. साहेबांना मात्र वाटलं नाही.

"महिनाअखेरपर्यंत," साहेब म्हणाले. "नाहीतर काम बाहेरच्या कंपनीला. मग तुम्ही मॅडम, खांबांच्या गोदामात. तिथेही माणसं कमीच आहेत."

खातं होतं रस्त्यावरच्या दिव्यांचं. कुठे दिवा गेला, की लोक तक्रार लिहून पाठवत. तक्रार जायची जुन्या कोडकडे, आणि तो वायरमनला सांगायचा, अमुक गल्ली, अमुक खांब. जुना म्हणजे फारच जुना. त्याच्या पोटात काय काय आहे हे आता कोणी सांगू शकत नव्हतं, म्हणून त्याला काढायची कोणाची छाती नव्हती. पण लोकांना आता फोनवरून फोटो पाठवायचे होते, नकाशावर बोट ठेवायचं होतं. तेव्हा ठरलं, की जुन्याला हात लावायचा नाही. त्याच्या शेजारी एखादं नवं फ्रेमवर्क आणून बसवायचं. फ्रेमवर्क म्हणजे घराचा तयार सांगाडा. भिंती आपण भरायच्या. दारात एक राखणदार ठेवायचा. नव्याला जमेल ती तक्रार नव्याकडे, बाकीची आत, जुन्याकडे.

आता सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे. परीक्षा देऊन, पहिली येऊन ती या खात्यात लागली होती. पण तो जुना कोड लिहिला होता तिच्या सासूबाईंनी, याच खात्यात, काळ्या पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांत. सासूबाई निवृत्त झाल्या, ही आली, आणि पहिल्याच दिवशी कोणीतरी "या सूनबाई" म्हणालं. ते चिकटलं ते चिकटलंच.

मग सासूबाईंनाच का विचारलं नाही? एक तर घरचा नियम. चपलांबरोबर ऑफिसही दाराबाहेर काढायचं, हा सासूबाईंनीच घातलेला. आणि दुसरं कारण कुठल्याही सुनेला विचारा.

तरी त्या रात्री जेवताना तिच्या तोंडून निसटलंच. "आई, तुमच्या कोडला धक्का न लावता मी शेजारी नवं उभं करतेय."

सासूबाईंनी ताटातला घास फिरवला. "बघ बाई," त्या म्हणाल्या. "त्याला शेजार आवडत नाही."

नवरा रुग्णवाहिका चालवायचा. पाळ्यांमुळे कधी दिवसा घरी, कधी रात्री. तो खाली मान घालून जेवत होता. बाहेर त्यांच्याच गल्लीतला दिवा मिचमिचत होता, कुणी डोळा मारावा तसा.

सूनबाईच्या हाताखाली एकच पोरगा होता. त्याला सगळे शंकेखोर म्हणत. पारखायला आणलेल्या तीन फ्रेमवर्कांना त्यानेच नावं पाडली: पहिली, दुसरी, तिसरी. "मॅडम, नांदायला तर आणायचंय ना," तो म्हणाला. "तेही सासू जिवंत असताना."

पहिली मोठ्या घरची. आल्या आल्या तिला सगळं तिच्या पद्धतीने हवं. डब्यांची नावं बदला, कप्पे बदला, माणूस आत आला की त्याची ओळख मीच विचारणार. सूनबाईने तिला कसंबसं जुन्याशेजारी बसवलं आणि तीन तक्रारी एकदम सोडल्या, दोन खोट्या. एक मात्र खरी: चाचणीही होईल आणि काम झालं तर बरंच, म्हणून स्वतःच्या गल्लीतल्या दिव्याची.

पडदा बराच वेळ कोरा राहिला. मग अक्षरं उमटली. एकदम नव्हे. एक एक करून, थांबत थांबत, अंधारात जिना चाचपत कुणी खाली यावं तशी.

*आत गर्दी झाली आहे. घरच्या लोकांनी थोडं थांबावं.*

शंकेखोराने चहा खाली ठेवला. "हे वाक्य कोडमध्ये आहे?"

"असणार. नाहीतर येईल कुठून?"

दोघांनी संध्याकाळपर्यंत सगळा कोड पालथा घातला. ते वाक्य कुठेच नव्हतं. सापडली ती वेगळीच ओळ: जे कळणार नाही ते जाणकाराकडे पाठवावं. जाणकार म्हणजे कोडचाच कुठला तरी कोपरा असणार, पण त्या नावाचा कोपराही सापडेना. ओळ सरळ भिंतीत शिरत होती आणि पलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं.

"आणि घरच्या लोकांनी म्हणजे?" शंकेखोर पुटपुटला. "ती तक्रार तुमच्या गल्लीतली आहे हे त्याला कसं कळलं?"

सूनबाईने पहिलीला परत पाठवलं.

दुसरी देखणी. चटपटीत, हसरी, तिच्याबरोबर सामानाच्या इतक्या पेट्या आल्या की ते सामान उतरवण्यातच अख्खी सकाळ गेली. पण सूनबाईचं तिच्यावर मन बसलं. तेवढ्यात एका बाईंची खरीखुरी तक्रार आली: आमच्या कोपऱ्यावर अंधार असतो, भीती वाटते. दुसरीला काही ते कळलं नाही; तिने ती आत सरकवली. आतून उत्तर आलं:

*दिवा चालू आहे. समोरच्या झाडाची फांदी वाढली आहे. फांदी तोडायला सांगितलं आहे. तोवर पलीकडच्या बाजूने चालावं.*

वायरमन जाऊन बघून आला. दिवा चालू होता. फांदी वाढली होती. पान न् पान दिव्यावर असं ओठंगलं होतं, जणू उजेड पीत होतं.

"त्याला डोळे आहेत," शंकेखोर हलक्या आवाजात म्हणाला. त्या दिवसापासून तो पडद्याकडे पाठ करून बसू लागला, आणि मग पाठ केली म्हणून जास्त घाबरू लागला.

सूनबाई घाबरणारी नव्हती. निदान तसं ती म्हणत होती. तिने मुद्दाम नसलेल्या खांबाची तक्रार घातली, खोट्या नावाने. दुपारचा एक वाजून गेला होता.

*असा खांब नाही. आधी डबा खाऊन घ्या.*

डबा टेबलावर होता, न उघडलेला. दोघांनी त्याच्याकडे बघितलं. मग हळूच, उगीच आवाज व्हायला नको म्हणून, सूनबाईने तो उघडला आणि तिथेच उभ्याने संपवला. भाजीची चवही तिला कळली नाही.

त्यानंतर पडदा मुका झाला. रोजच व्हायचा. जेवणवेळ टळली की चार वाजेपर्यंत जुना कोड श्वास रोखल्यासारखा गप्प. दुसरीला हे सोसायचं नाही. ती दारात उभी राहून वाट बघायची, पाय आपटायची, आणि शेवटी सगळं सामान घेऊन धाडकन कोसळायची, तिच्याबरोबर सगळं खातंही. तरी सूनबाई तिलाच धरून होती. तिसरी होती, पण ती अगदीच साधी. ना दागिना, ना मत. सूनबाईने तिच्याकडे धड बघितलंसुद्धा नव्हतं.

महिनाअखेर आली. साहेबांनी तीनची वेळ दिली. मोठ्या पडद्यावर, सगळ्या खात्यासमोर. आणि सूनबाईच्या लक्षात आलं, की लॅपटॉपचा चार्जर घरीच राहिलाय.

भर दुपारी घर वेगळंच दिसतं. ज्या घरात आपण रोज राहतो तेच, पण आपण नसताना ते कसं असतं ते आपल्याला कधी माहीत नसतं. ओटा कोरडा होता. घड्याळ एकटंच बोलत होतं, नुकतेच बारा वाजले होते. आणि सासूबाईंच्या बंद दारामागून आवाज येत होता. टक. टक टक. टक.

आई दिवसभर कॉम्प्युटरवर पत्ते खेळतात, असं ती मैत्रिणींना सांगायची. तिने दार ढकललं.

खिडकीला पडदा होता. खोलीत हिरवा उजेड होता, तळ्याच्या तळाशी असतो तसा, आणि त्या उजेडात सासूबाईंचा चेहरा. समोर जुनं यंत्र. निवृत्तीच्या दिवशी खात्याने शालीबरोबर भेट दिलेलं, कारण दुसऱ्या कोणालाच ते नको होतं. त्यावर ओळी सरकत होत्या. गल्ल्या, खांब, माणसांची गाऱ्हाणी.

मागे न बघताच सासूबाई म्हणाल्या, "चार्जर स्वयंपाकघरात आहे. फ्रीजवर."

सूनबाई दाराच्या चौकटीला टेकली. "आई. जाणकार तुम्ही?"

"मग काय ते यंत्र? त्याला बापड्याला अडीच गोष्टी कळतात. न कळलेलं माझ्याकडे यायचं, टेबलावर. मी घरी आले, यंत्रही आलं. पत्ता कोणी बदललाच नाही."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"कोणी विचारलं?" त्या पहिल्यांदा वळल्या. "आणि घरात ऑफिसचं बोलायचं नाही."

सूनबाई पलंगावर बसली. "तुम्हाला फांदी कशी कळली? आणि डबा?"

"सकाळी फिरायला जाते ना. तुला वाटतं मी गुडघ्यांसाठी जाते? आणि नसलेला खांब तुझ्याशिवाय कोण विचारणार, तेही डबा न खाता?" त्यांचा हात यंत्रावर होता, झोपल्या लेकरावर ठेवावा तसा. "शहरातले खांब मी ओळखते गं. कुठला वारा आला की थरथरतो, कुठल्याच्या अंगावर पाखरं बसतात. हे गेल्यापासून," म्हणजे सासरे, "बोलायला दुसरं आहे कोण? लोक विचारतात. मी सांगते."

हिरव्या उजेडात धूळ तरंगत होती.

"आई, आज तीनला साहेब बघणार आहेत. तेवढं जागं राहाल?"

"दुपारी मी झोपते."

"एक दिवस."

"औषधाची झोप आहे ती, माझ्या हातात नाही." त्यांनी चष्मा काढला. "तिसरीला का नाही बसवत? तिघींचे कागद तू परवा घरी विसरलीस, नावांसकट; वाचले मी. ती एकटीच आहे जिला थांबता येतं. आपल्याला येतं तेवढं करते, नाही ते दाराशी ठेवते, आणि मधे बोलत नाही."

सूनबाईने फ्रीजवरचा चार्जर उचलला. शेवटचे तीन शब्द नेमके कोणासाठी होते, याचा विचार तिने रिक्षात केला.

तीनला साहेबांनी स्वतः तक्रार लिहिली, सगळ्यांसमोर. सासूबाई त्या वेळी गाढ झोपेत. तिसरी, दुपारभरात घाईघाईने बसवलेली, नकाशावर ठिपका ठेवून मोकळी झाली, बाकीचं तिने जुन्याच्या दाराशी अलगद ठेवलं आणि एवढंच लिहिलं: *तक्रार मिळाली. उत्तर येईल.* ना पाय आपटले, ना कोसळली. सगळे पडद्याकडे बघत राहिले. शंकेखोर डोळे मिटून उभा होता.

"छान," साहेब शेवटी म्हणाले. "शांत आहे. हेच ठेवा. पण ते उत्तर देणारं जे काही आत आहे, ते भरवशाचं आहे ना?"

"सुरक्षित ठिकाणी आहे, साहेब," सूनबाई म्हणाली. "फक्त दुपारी विश्रांती लागते."

साहेबांनी मान डोलावली. यंत्रांचं त्यांना काही नवल नव्हतं. गोदाम टळलं.

दिवेलागणीला तिघं जेवायला बसली. घरचा नियम त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. सूनबाई सगळं सांगत होती, सासूबाई चक्क हसत होत्या. "पण आई, पहिल्या दिवशी तुम्ही आम्हाला खरंच घाबरवलंत. आत गर्दी झाली आहे, म्हणे. घरच्या लोकांनी थांबावं."

सासूबाईंचा हात थांबला. "मी?"

"मग कोण?"

"मी असं काही लिहिलं नाही." त्या हळू म्हणाल्या. "त्या दिवशी मी दाताच्या डॉक्टरकडे होते. दिवसभर."

पंखा फिरत होता. बंद खोलीच्या फटीतून हिरवी रेघ जमिनीवर पडली होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. लग्नानंतर इतका वेळ त्यांनी एकमेकींकडे कधी बघितलं नव्हतं.

"ते मी होतो," नवरा म्हणाला. त्याच्या तोंडात घास होता. "आई नव्हती, यंत्र सारखं वाजत होतं. तीन जण एकदम. मला काय कळतंय त्यातलं? अक्षरं शोधण्यातच जीव गेला."

"आणि घरच्या लोकांनी थांबावं?"

त्याने खिडकीबाहेर बघितलं. गल्लीतला दिवा महिनाभर मिचमिचून अखेर आजच विझला होता.

"एक आपल्याच गल्लीतली होती," तो म्हणाला. "ती मागे ठेवली. म्हटलं आपलेच लोक आहेत, समजून घेतील."