मैथिलीचं अ‍ॅरोमॅटिक संयुग

येडशीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मैथिलीला पीएचडीसाठी एकच संयुग बनवायचं होतं: पाच अणूंचं कडं, त्यातला एक गंधकाचा. तीन महिने फ्लास्कमध्ये नुसता काळा चिकटा येत होता. त्या दिवशी तिनं फ्लास्क बर्फात ठेवला, ढवळणी लावली आणि वीज गेली. ढवळणी थांबली, वास बाहेर ओढणारा पंखाही थांबला. खिडकीतून वास थेट कँटीनमध्ये शिरला.

कँटीनच्या द्वारकाबाईंनी आधी शेगडी बंद केली, मग प्राचार्यांना गाठलं. "सर, गॅस लीक झालाय."

प्राचार्य गुरुसिद्धप्पा सरांनी पाच मिनिटांत अख्खं कॉलेज मैदानात काढलं, मैथिलीसकट.

"सर, तो माझ्या रसायनाचा वास आहे. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये असलंच गंधकाचं रसायन घालतात."

"म्हणजे गॅसचाच वास की."

"गॅसचा नाही सर. गॅसमध्ये घालतात त्याच्यासारखा."

"मॅडम, तुमच्या अर्जात अ‍ॅरोमॅटिक लिहिलं होतं. मी सुगंधी समजून सही केली."

"त्याचा वासाशी संबंध नाही. कड्यातले इलेक्ट्रॉन सगळीकडं फिरतात का, एवढाच प्रश्न. या संयुगात धन भार कड्यात, ऋण भार बाहेरच्या ऑक्सिजनवर. त्यामुळं याला अ‍ॅरोमॅटिक म्हणावं का, यावरच वाद आहे."

"वाद कसला? इथं उभं राहून हुंगा."

दीड तासानं धाराशिवहून गॅसवाले धुळाप्पा आले. त्यांनी नळीला साबणाचं पाणी लावलं, रेग्युलेटर बदलला, तीन खोल्या हुंगल्या.

"टाकी चांगली हाय. पण वास लई हाय. आणखी तासभर आत कुणी जायचं न्हाय."

"अहो, माझा बर्फ वितळला असेल."

"बर्फ वितळायचाच की, मॅडम."

तासाभरानं रडकुंडीला येऊनच मैथिली प्रयोगशाळेत शिरली. बर्फाचं कोमट पाणी झालं होतं. फ्लास्कच्या तळाशी पिवळ्याधमक सुया चमकत होत्या.

आठवड्यानं तपासणीचा अहवाल आला. हेच ते संयुग. तिनं मार्गदर्शकांना फोन लावला.

"उत्तम. काय केलंस?"

"काहीच नाही सर. तीन तास मला आत जाऊ दिलं नाही."

"छान. आता तसंच तीनदा करून दाखव. त्याशिवाय प्रबंधात घेता येणार नाही."

मैथिली नवा अर्ज घेऊन प्राचार्यांकडं गेली: तोच प्रयोग, तीनदा, वीज बंद ठेवून. तो वाचून सरांनी कॅलेंडर पुढं ओढलं.

"रविवारी करा," ते म्हणाले. "तिन्ही रविवारी मी वाशीला बहिणीकडं असतो."