काकांच्या डोक्याचे रोजचे स्कॅन

“उठा! आधी खाली उतरा!”

सीटी स्कॅनच्या टेबलावर नुकतेच आडवे झालेल्या चष्मेवाल्या काकांना डॉक्टरांनी हाताला धरून बसवलं. काकांच्या फुप्फुसात पूर्वी एक बारीक गाठ दिसली होती. ती वाढतेय का, हे दर वर्षी बघायचं होतं. या खेपेला काकूही सोबत आल्या होत्या.

“कोणाला किरणांचा किती डोस मिळाला, ते आता कॉम्प्युटरवर दिसतं,” डॉक्टर घाम पुसत म्हणाले. “काका, वर्षभर रोज सकाळी तुमच्या डोक्याचा स्कॅन झालाय!”

“ह्यांच्या डोक्यात रोज बघण्यासारखं काय आहे?” काकूंनी विचारलं. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. “अहो, फिरायला जातो सांगून इथं येत होतात?”

“अगं, शपथ, बागेतच जातो!” पण काकांचा धीर सुटला होता. त्यांना गरगरायला लागलं. त्यांनी टक्कल चाचपलं. “तरीच केस गेले.”

“ते लग्नातही नव्हते.”

डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. सुई बघून काका पांढरे पडले, म्हणून नर्सने व्हीलचेअर आणली. ती आत जाताना बघून बाहेरच्या दोन पेशंटनी ‘आम्ही उद्या येतो’ म्हणत काढता पाय घेतला.

यादी वाचता वाचता टेक्निशियन मुलीचा चेहरा उतरला. “सर, हे सगळे दवाखाना उघडायच्या आधीचे स्कॅन आहेत. त्या वेळी टेबलावर एकच जण असतो.”

तिने कपाटातून पाणी भरलेला, डोक्याएवढा प्लॅस्टिकचा गोल डबा आणला. मशीन नीट चाललंय का, हे बघायला रोज सकाळी त्याचा स्कॅन व्हायचा. “नवीन कॉम्प्युटरमध्ये माहिती भरताना मी ह्याला काकांचाच नंबर दिला. चूक माझी.”

काकूंनी डब्यावर बोटाने टकटक करून पाहिलं. “होऊ शकते अशी चूक,” त्या म्हणाल्या.

मुलीने डब्याच्या नोंदी वेगळ्या केल्या. काकांच्या नावावर एकच स्कॅन उरला, गाठ सापडली तेव्हाचा.

“आणि गेल्या वर्षीचा?” काकूंचा आवाज एकदम खाली आला. “सगळं नॉर्मल आहे म्हणत घरी आलात, तो कुठंय?”

काकांनी चष्मा सारखा केला.

“भीती वाटली गं,” काका म्हणाले. “दारापर्यंत आलो होतो.”

काकूंनी काकांच्या नाकावरचा चष्मा हळूच काढून घेतला आणि टेबलाकडे बोट दाखवलं.

स्कॅन झाला. डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बराच वेळ निरखली. “गाठ होती तेवढीच आहे. काळजीचं कारण नाही. डोसही अगदी थोडाच लागला.”

काकूंनी पदराने डोळे टिपले. काका लगेच रंगात आले.

“म्हणजे गेल्या वर्षी मी खोटं बोललो नव्हतो!”