मुकादमच्या लघवीचा ठराव

पाटणखेडमध्ये जनावराला काय झालंय हे मोबाइलवरच्या मतदानाने ठरतं आणि गावच्या पशुवैद्यालाही त्यात इतरांसारखं एकच मत असतं. मतदानाच्या गटाचे सभासद अकराशे त्रेचाळीस. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथे तर परमेश्वराची गर्दीच होती. मतदान चोवीस तास चालायचं. तोवर डॉक्टरने जनावराला हात लावायचा नाही आणि हत्यारांचं कपाट ठरावाचा क्रमांक टाकल्याशिवाय उघडायचं नाही.

विश्राम टिपऱ्यांना हा नियम कधी जाचला नव्हता. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी चहाबरोबर दोन-तीन मतं टाकत. न पाहिलेल्या म्हशींना त्यांनी ओवा चारला होता, न पाहिलेल्या पोपटाचा पंख शेकायला लावला होता. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा वेळ छान जायचा. शेळ्यांचं पुढे काय झालं, हे विचारायची गावात पद्धत नव्हती.

एका मंगळवारी त्यांचा बोका मुकादम सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसू लागला. बसायचा, कण्हायचा, उठायचा. ट्रे कोरडाच. घरात त्या दोघांखेरीज तिसरं कुणी नव्हतं, आणि टिपरे दिवसभरात जे काही बोलत ते सगळं मुकादमशीच. त्यांनी त्याला पिशवीत घातलं आणि डॉक्टर फडतरेबाईंचा दवाखाना गाठला.

हात लावायला बंदी असल्याने बाईंनी टिपऱ्यांनाच बोक्याचं पोट चाचपायला सांगितलं. लिंबाएवढं टणक काहीतरी लागलं. मुकादम ओरडला.

“लघवी अडकलीय,” बाई म्हणाल्या. “आत्ता नळी घालून मोकळी केली तर वाचेल. नाहीतर उद्याची दुपार बघणार नाही.”

“मग घाला की नळी.”

“ठराव आणा, काका.”

नळ्या कपाटाच्या काचेतून दिसत होत्या. टिपऱ्यांनी तिथेच बाकावर बसून अर्ज टाकला. तेव्हा अकरा वाजले होते. पंधरा मिनिटांत तीनशे मतं पडली. त्यातली बहुतेक ‘बद्धकोष्ठ’ या निदानाला होती, कारण बसून कुंथणाऱ्याला दुसरं काय होणार? काही ‘नजर लागली’ला होती. ‘लघवी अडकली’ला दोन. त्यातलं बाईंचं मत लगेच बाद झालं, कारण नळी त्याच घालणार असल्याने त्यांचा हितसंबंध होता.

टिपऱ्यांनी गटाचे चिटणीस अकोलकर सरांना फोन लावला. सर अतिशय सौजन्याने बोलले. त्यांच्या मावसबहिणीच्या मांजराला तुपानेच सुटलं होतं. बाई पाच वर्षं हेच शिकल्यात, असं टिपऱ्यांनी सांगून पाहिलं.

“शिकल्या असतील,” सर म्हणाले. “पण आपण अकराशे जण आहोत, टिपरेकाका. त्या एकट्याच बरोबर असणं नियमात बसत नाही.”

मग टिपरे दारोदार फिरले. मत बदलता येत होतं, पण लोकांना सवय नव्हती. ज्यांच्या पोपटाचा पंख त्यांनी शेकवला होता, त्या घरी ओसरीवर पिंजरा रिकामा लटकत होता. घरातल्या बाईंनी पाणी दिलं, बोक्याची चौकशी केली आणि दुधातून तूप द्या म्हणून सांगितलं. टिपऱ्यांनी पेला तसाच भरलेला खाली ठेवला. आपण काय करत आलो, हे त्यांना त्या ओसरीवर कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

बुधवारी सकाळी साडेदहाला, दवाखान्याच्या बाकावर, त्यांच्या मांडीवर मुकादम गेला. अकरा वाजता ठराव आला: बद्धकोष्ठ; आठशे अकरा मतं; दुधातून चमचाभर तूप, सात दिवस.

टिपऱ्यांनी बोका गेल्याचं कळवलं. चिटणिसांचं उत्तर आलं की गेला की नाही हा वेगळा विषय असून त्यावर मतदान सुरू केलं आहे. निकाल लागेपर्यंत मंजूर उपचार चालू ठेवावा. ‘झोपलाय’ हा पर्याय तोवर दोनशे मतांनी पुढे होता. पोट साफ झाल्यावर गाढ झोप लागते, असं बऱ्याच जणांनी अनुभवावरून लिहिलं होतं.

फडतरेबाईंनी आतून दूध कोमट करून आणलं, त्यात तूप सोडलं आणि वाटी बाकावर ठेवली. टिपरे रडत होते.

“बाई, तुम्ही सांगितलं होतं तेच खरं होतं ना?”

“हो.”

“मग मला तेवढं कागदावर लिहून द्या.”

“नाही देता येत, काका. ठरावाच्या विरुद्ध जाईल.”

टिपऱ्यांनी मान हलवली. मग त्यांनी मुकादमचं डोकं नीट हातावर घेतलं, बोटाने त्याचा जबडा उघडला आणि पहिला चमचा ओतला. बाहेर आलेलं दूध बाईंनी रुमालाने टिपून घेतलं.