अंगणात दोन लाद्या बर्फ

स्वतःला पटल्याशिवाय कुणाला काही विकायचं नाही, असं निवृत्तीरावांनी एका सकाळी चहा पिता पिता ठरवलं, आणि दुपारच्या आत कुकटपल्लीतल्या त्यांच्या गल्लीवर शोककळा पसरली.

निवृत्तीराव मूळचे देगलूरकडचे. सगळी उमेदीची वर्षं हैदराबादच्या एका सरकारी कारखान्यात पार्ट तपासण्यात गेली. मग उदारीकरणाचं वारं आलं, कारखान्यानं माणसं कमी करायला काढली, तेव्हा साहेब म्हणाले, "निवृत्ती तुमच्या नावातच आहे. स्वेच्छा तेवढी आमच्यातर्फे. करा सही." केली सही. पण ऐन पन्नाशीत दिवसभर घरात बसलेला नवरा भामाबाईंना सोसेना. त्यांनीच जाहिरात शोधली आणि निवृत्तीरावांना एका काचेच्या इमारतीत कॉल सेंटरवर धाडलं. तिथं त्यांचं नाव 'निक' झालं. (घरी ते कुणाला सांगितलेलं नव्हतं.)

काम असं : संध्याकाळी, म्हणजे कॅनडातल्या सकाळी, तिथल्या लोकांना फोन लावून बर्फात चालवायचे विंटर टायर विकायचे. पोरंपोरी धडाधड विकत होती. निकच्या नावावर मात्र स्टेपनीसुद्धा लागली नव्हती.

"अंकल," त्यांची सुपरवायझर शिल्पा म्हणाली. ती त्यांच्या मुलीच्या वयाची. "या हप्त्यात एक तरी सेट जाऊ द्या. नाहीतर मॅनेजर सर नक्को म्हणतील तुम्हाला."

"पण साधा टायर असला तर काय बिघडतं?"

"थंडीत त्याचं रबर कडक होतं, अंकल. पकड सुटते. विंटर टायरचं रबर मऊच राहतं, त्याला बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरून ठेवतात."

"आणि ब्रेक चांगला असेल तर?"

शिल्पानं त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "अंकल, तुम्ही कधी बर्फ बघितलाय?"

"फ्रिजमध्ये," निवृत्तीराव म्हणाले.

आता ज्या माणसानं जन्मात नटबोल्टसुद्धा हातात घेऊन बघितल्याशिवाय पास केला नाही, त्यानं असलं ऐकीव ज्ञान फोनवर कसं सांगायचं? पुन्हा घरी बसायची वेळ आली तर भामाबाई काय करतील, या विचारानं त्यांना घाम फुटत होता तो वेगळाच. तेव्हा त्या सकाळी भामाबाई बाजाराला गेल्या तशी ते उठले, बर्फाच्या कारखान्यातून दोन लाद्या घेतल्या, गोणपाटात गुंडाळल्या आणि ऑटोत घातल्या.

"मय्यत किधर है, साब?" ऑटोवाल्यानं विचारलं.

इंजिनाच्या आवाजात निवृत्तीरावांना फक्त 'किधर' ऐकू आलं. "घर पे," ते म्हणाले.

ऑटोवाल्यानं गाणं बंद केलं. सगळी वाट तो हळूहळू, खड्डे चुकवत आला. घरापाशी लाद्या स्वतः उतरवून दिल्या आणि भाडं घेईना. "ऐसे टाइम पे पैसे नक्को, साब." हैदराबादेत अजून माणुसकी आहे, या विचारानं निवृत्तीरावांना भरून आलं.

समोरच्या घरातले हिम्मतराव फाटकाशी पेपर वाचत होते. त्यांनी लाद्या पाहिल्या आणि पेपर गळून पडला. निवृत्तीरावांच्या घरात वयस्क माणूस एकच, सासूबाई पार्वतीबाई. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी देगलूरहून आल्या होत्या. हिम्मतराव चपला काढून जवळ आले.

"कधी?"

"हे काय, आत्ताच."

"अरे अरे! कालपर्यंत तर..."

"उन्हात फार वेळ टिकायचं नाही हो. लवकर उरकलेलं बरं."

"खरंय," हिम्मतराव म्हणाले. "वहिनी कशा आहेत?"

"भामाला कुठं माहीत आहे! भाजी आणायला गेलीय. ती यायच्या आत उरकून टाकू म्हणतो."

हिम्मतरावांनी फाटकाचा आधार घेतला. असला जावई त्यांनी बघितला नव्हता. "देगलूरला तरी कळवलं का?"

"छे! त्यांचा काय संबंध?"

हिम्मतराव तडक वळले. थेट एसटीडी बूथ गाठून त्यांनी देगलूरला भामाबाईंच्या भावाला, दिलीपला फोन केला. तिकडून एकच हंबरडा ऐकू आला. मग त्यांनी गल्लीत दारोदार सांगितलं, आणि बघता बघता माणसं जमली. कुणी हार आणले, कुणी उदबत्त्या.

अंगणात निवृत्तीराव हातोडीनं बर्फ फोडून शहाबादी फरशीवर पसरत होते. माणसं मुकाट्यानं भिंतीला लागून उभी राहिली. आपला प्रयोग बघायला एवढी गर्दी का झाली, हे निवृत्तीरावांना कळेना. पण कारखान्यातही नवीन मशीन आलं की असंच होई. त्यांनी हात झटकले आणि कोपऱ्यातल्या चेतक स्कूटरला किक मारली.

"डोक्यावर परिणाम झालाय," कुणीतरी कुजबुजलं.

"बाजूला व्हा!" निवृत्तीराव ओरडले, अंगणाच्या टोकापासून जोरात आले आणि बर्फावर येताच त्यांनी पूर्ण ताकदीनं ब्रेक दाबला.

ब्रेक उत्तम लागला. चाकं जागच्या जागी थांबली. स्कूटर थांबली नाही.

निवृत्तीरावांना आयुष्यात असा धक्का बसला नव्हता. थांबलेल्या चाकांवर स्कूटर पुढं पुढं जात होती! आधी मागचं चाक वळलं, मग निवृत्तीरावांचं तोंड घराकडं झालं, मग आभाळाकडं, आणि पाण्याच्या पिंपावर आदळून सगळंच आडवं झालं.

त्या आवाजानं आत झोपलेल्या पार्वतीबाई जाग्या झाल्या. डोळ्यावर पट्टी, अंगावर पांढरी शाल, मोकळे केस, अशा त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, कोण गेलं?"

निम्मी गल्ली किंचाळत फाटकाबाहेर पळाली. उरलेल्यांना पळताही येईना, कारण निवृत्तीरावांना उचलायला धावलेले ते बर्फावर उभे होते.

नेमक्या त्याच वेळी भामाबाई आल्या. अंगणात गर्दी, हार, उदबत्त्या, आणि मधोमध बर्फावर डोळे मिटून पडलेला नवरा. हातातली पिशवी सुटली, टोमॅटो घरंगळले. "अहो!" त्यांनी जो टाहो फोडला, त्यानं पळून गेलेली माणसं परत आली.

निवृत्तीरावांनी एक डोळा उघडला. "अगं, आहे मी," ते क्षीण आवाजात म्हणाले. "ब्रेक लागतो गं. पण टायर धरत नाही!"

पुढचा तासभर त्यांना जे ऐकावं लागलं, त्यापेक्षा मनगटाचं हाड मोडलेलं कमी दुखत होतं. तरी हाताला प्लास्टर घालून संध्याकाळी ते कामावर गेलेच. एक तर नोकरीचा प्रश्न होता, आणि दुसरं म्हणजे देगलूरची जीप दाराशी पोचली होती.

पहिलाच फोन एका वयस्क बाईंना लागला. त्या म्हणाल्या, "मी इतकी वर्षं साध्या टायरवर चालवतेय. ब्रेक चांगले आहेत माझे."

निवृत्तीरावांनी समोरचा छापील कागद बाजूला सारला. (पुढचं ते त्यांच्या इंग्रजीत बोलले. ते इंग्रजी इथं न दिलेलंच बरं.)

"बाई, मीही आज सकाळपर्यंत हेच म्हणत होतो. ब्रेकनं चाक थांबतं, गाडी नाही. टायरनं बर्फ धरला तर गाडी थांबते. आणि पुढचे दोनच नका घेऊ, चारही घ्या. माझं आधी मागचंच चाक फिरलं. हात मोडला. अंत्ययात्रेला सगळी गल्ली आली होती."

"देवा! कुणाची अंत्ययात्रा?"

"माझ्या सासूबाईंची."

"त्या गाडीत होत्या?"

"नाही, झोपल्या होत्या. आता बऱ्या आहेत. आलेल्यांना चहा देताहेत."

 बाई हादरलेल्या आवाजात म्हणाल्या, "चारही पाठवा. आजच."

ते संभाषण मॅनेजरनं पुन्हा पुन्हा ऐकलं. शिल्पा टाळ्या वाजवत आली. "अंकल, उद्यापासून सगळे हेच बोलणार! फक्त सासू चहा देत नाही, मरते. जिवंत राहिली तर गिऱ्हाईक कन्फ्यूज होतं."

"आणि मी?"

"तुम्हाला एका हातानं कम्प्युटर कसा जमणार? प्लास्टर निघेपर्यंत घरी आराम करा. निकचं नाव तोवर दुसऱ्याला देतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी निवृत्तीरावांनी हे सगळं घरी सांगितलं. देगलूरचे पाहुणे पोहे खात ऐकत होते.

"म्हणजे आजपासून कॅनडात मी मेले?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"हो, मामी."

"आणि तुम्ही?"

"मी पडलो. हात मोडला."

पार्वतीबाईंनी पट्टी नसलेल्या डोळ्यानं लेकीकडं पाहिलं आणि उसासा टाकला.

"बघ भामे, कुठलंही काम पुरतं करायचं म्हटलं की माझ्यावरच येतं, कॅनडातही तेच. जावईबापू तिथंही नुसते पडलेच."