गुलनारचं पथ्य

"मांजर हाय, वाघ न्हाई. एवढा घाम कामून फुटलाय तुला?" सिद्धव्वानं आपल्या मुलाला विचारलं.

मार्गशीर्षातली थंडी होती, तरी जगदेवप्पा पेशकारांच्या पटक्याखालून घाम निथळत होता. त्यांच्या हातात वेताची पेटी होती, पेटीत मखमलीची गादी होती आणि गादीवर गुलनार बसली होती. गुलनार म्हणजे भालकीच्या तहसीलदारसाहेबांच्या बेगमसाहेबांची लाडकी मांजर. पांढरीशुभ्र, निळ्या डोळ्यांची. समोरच्याचा अर्ज न वाचताच नामंजूर करावा, तशा नजरेनं ती घराकडे बघत होती.

बेगमसाहेब बहिणीच्या लग्नासाठी महिनाभर हैदराबादला निघाल्या होत्या. गुलनारला नेण्याची सोय नव्हती, कारण तिचं पोट फार नाजूक. मागच्या खेपेला रेल्वेत बसवली, तर बीदर यायच्या आतच ते असं बिघडलं की बायकांच्या डब्यातल्या सगळ्या जणी पुढच्या स्टेशनावर दुसऱ्या डब्यात गेल्या. साहेब स्वतः सतत दौऱ्यावर, म्हणून त्यांनी पेशकारांना बोलावून घेतलं. "जगदेवप्पा, तुम्हारा घर पाक-साफ है. गुलनार वहीं खुश रहेगी." कचेरीत साहेबांपुढं कागद मांडायची पेशकारी वीस वर्षं करून जगदेवप्पांनी एकाही साहेबाला नाही म्हटलं नव्हतं. तो शब्द कसा उच्चारतात हेच त्यांच्या जिभेला ठाऊक नव्हतं. ते "जी हुजूर" म्हणाले आणि पेटी उचलून घरी निघाले.

पेटीसोबत हकिमांची उर्दूतली चिठ्ठी होती. ती त्यांनी वाटेत एका लिंबाखाली थांबून तीनदा वाचली. तिन्ही वेळा तिच्यात तेच लिहिलेलं होतं. सकाळ-संध्याकाळ कोवळ्या कोंबडीची यखनी, म्हणजे उकडलेल्या मांसाचं पाणी, आणि त्यातलंच मऊ मांस कुसकरून. दूध बिलकुल वर्ज्य.

आता जगदेवप्पांचं घर लिंगायताचं. तीन पिढ्यांत त्या उंबऱ्याच्या आत अंडंसुद्धा आलं नव्हतं. शेजारच्या दुकानात सुकी मासळी ठेवली होती म्हणून सिद्धव्वानं एकदा तिथलं मीठ परत पाठवलं होतं. त्यातच रुद्रम्माचं, म्हणजे जगदेवप्पांच्या एकुलत्या एका मुलीचं, लग्न माघात व्हायचं होतं. खटकचिंचोळीच्या चनमल्लप्पांच्या मुलाशी साखर वाटून झाली होती. हे चनमल्लप्पा खाटकाची गल्ली टाळण्यासाठी अर्धा कोस वळसा घालणारे गृहस्थ. याआधीचं एक स्थळ त्यांनी केवळ मुलीच्या अंगणात शेजाऱ्याची कोंबडी फिरताना दिसली म्हणून मोडलं होतं. पण मुलगा चांगला होता, आणि साखर वाटल्यापासून रुद्रम्मा जात्यावर बसली की गुणगुणू लागली होती. ते गुणगुणणं ऐकायला जगदेवप्पा सकाळी मुद्दाम लवकर उठत.

"चिठ्ठीत काय लिवलंय रं?" सिद्धव्वानं विचारलं. तिला उर्दू वाचता येत नव्हतं, हे नशीब.

"दूधभात," जगदेवप्पा म्हणाले.

गुलनारला दूधभात मिळाला. तिनं तो नाक मुरडत खाल्ला आणि रात्री सिद्धव्वाच्या गोधडीवर त्याचा सविस्तर जबाब दिला. दुसऱ्या दिवशी ईरम्मानं, पेशकारांच्या बायकोनं, ताजं दही आणि भात कालवून दिला. त्याचा जबाब जगदेवप्पांच्या कचेरीच्या अंगरख्यावर मिळाला. सिद्धव्वानं पेटी उचलून मागच्या गोठ्यात नेऊन ठेवली. "आजपून हिचा मुक्काम हितं," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी गुलनारनं डोळेच उघडले नाहीत. जगदेवप्पा गोठ्यात तिच्यापाशी उकिडवे बसून राहिले आणि हैदराबादला बेगमसाहेबांना तार कशी लिहावी याचा मजकूर मनात जुळवू लागले.

अखेर ते अंबाजीकडे गेले. अंबाजी दोन गल्ल्या पलीकडचा मराठा शेतकरी, घरी दहा-बारा कोंबड्या. त्याची जमिनीची नक्कल पेशकारांनी एकदा वेळेवर काढून दिली होती, तेव्हापासून तो त्यांच्यावर जीव टाकायचा.

"एवढंच व्हय, अण्णा? आमची नागू करून देती की!" अंबाजी हसला. "दिस मावळला की या. चरवीत घालून देतो. झाकून न्यायची, कुणाला कळत न्हाई."

"पन मांजराचं नाव कुटंच काढू नगा," जगदेवप्पा काकुळतीला आले. "अव्वाच्या कानावर गेलं तर मला गोठ्यातच राहावं लागंल."

"मी तोंडातनं मांजर हा शबूद काढनार न्हाई," नागूबाईनं शपथेवर सांगितलं. आणि तिनं तो शब्द शेवटपर्यंत पाळला, हाच पुढचा घोटाळा झाला.

रोज संध्याकाळी जगदेवप्पा अंबाजीकडून चरवी आणू लागले. गळ्यात इष्टलिंग असल्यामुळे चरवी डाव्या हातात, अंगापासून लांब धरायची. मागं अंबाजीचं काळ्या नावाचं कुत्रं वासावर यायचं. त्याला हाकलावं तर ते भुंकणार, म्हणून तसंच येऊ द्यायचं. परसातून गोठ्यात शिरायचं, झाकण काढून चरवी गुलनारपुढे ठेवायची, दाराला कडी घालायची आणि तडक विहिरीवर जाऊन अंघोळ करायची. असलं भांडं हाताळून तसंच लिंगपूजेला बसणं त्यांच्या जिवाला पटत नव्हतं. कुडकुडत, शिंकत परत यावं तर चरवी चाटूनपुसून लख्ख झालेली असायची. चार दिवसांत गुलनार उठून बसली. आठवड्यात तिच्या अंगावर तेज आलं. जगदेवप्पांना सर्दी झाली, पण जिवात जीव आला.

भालकीनं मात्र निराळंच पाहिलं. पेशकार दिवस मावळता अंबाजीच्या घरात शिरतात. बऱ्याच वेळानं बाहेर येतात, दोन्हीकडं बघतात, झाकलेलं भांडं घेऊन भिंतीच्या कडेनं चालतात. मागं कुत्रं. आणि घरी पोचल्याबरोबर या थंडीत गार पाण्यानं अंघोळ करतात. शहाण्या माणसानं यातून काय समजायचं ते भालकीतल्या सगळ्या शहाण्यांनी समजून घेतलं. शंका उरली होती ती आडावर नागूबाईनं मिटवली.

"नागूबाई, सारख्या कोंबड्या कामून कापायलाव? पाव्हनं आलेत का?" कुणीतरी विचारलं.

नागूबाईला शपथ आठवली. मांजराचं नाव काढायचं नव्हतं. "न्हाई बाई," ती म्हणाली, "पेशकारअण्णांसाठी करायलेय."

बाजाराच्या दिवशी ही बातमी खटकचिंचोळीला गेली.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी जगदेवप्पा चरवी घेऊन गल्लीच्या कोपऱ्यावर वळले, तो समोर बैलगाडी उभी. गाडीतून चनमल्लप्पा उतरले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि त्यांच्या वर तितक्याच आठ्या.

"शरणु शरणार्थी, व्याही," चनमल्लप्पांनी कोरडा नमस्कार केला. "चरवीत काय हाय?"

"पाणी," जगदेवप्पांच्या तोंडून निघून गेलं.

चनमल्लप्पांनी खाली बघितलं. "पाण्यामागं कुत्रं कामून यायलंय?"

जगदेवप्पा घराकडं वळले, चनमल्लप्पा त्यांच्या मागोमाग आणि काळ्या दोघांच्या मागोमाग. सिद्धव्वा अंगणात तूर निवडत बसली होती. ईरम्मानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर चनमल्लप्पांनी हातानं बाजूला सारला. "ह्या घरचं पाणी प्यायचं का न्हाई ते आधी ठरू द्या," ते म्हणाले आणि चरवीकडं बोट दाखवलं. "झाकण काढा."

झाकण निघालं. वास अंगणभर पसरला. ईरम्मानं तोंडाला पदर लावला.

जगदेवप्पांनी एकदा आईकडं पाहिलं. खरं सांगावं तर तिच्या दारात आपण पंधरा दिवस मांस आणलं हे कबूल करावं लागणार. गप्प बसावं तर सोयरीक मोडणार. त्यांना वाटलं, धरणी फाटली तर बरं, साहेबाचं मांजरही सोबत घेता येईल. मग त्यांना दाराच्या चौकटीला धरून उभी असलेली रुद्रम्मा दिसली. ती रडत नव्हती. नुसती बापाकडं बघत होती, आणि तेच त्यांना सहन झालं नाही.

"मांजराचं हाय!" ते ओरडले. "साहेबाच्या मांजराचं! अव्वा, मी खोटं बोललो. चिठ्ठीत दूधभात न्हवता."

सिद्धव्वानं मान वर केली नाही. ती खडे बाजूला टाकत राहिली.

"मांजराचं असंल तर मांजर खाईल की," चनमल्लप्पा म्हणाले. "आणा भायेर. माझ्या डोळ्यादेखत खाऊ द्या."

गुलनारला आणलं. चांगली गुबगुबीत झाली होती, केस नुसते चमकत होते. ती डौलात चरवीपाशी आली. वास घेतला. ओलं लागल्यासारखा पंजा झटकला आणि पाठ फिरवली. तिथून ती सरळ सिद्धव्वाकडं गेली, तिच्या मांडीला डोकं घासलं, आणि शेजारच्या वाटीतली ज्वारीच्या पिठाची, ताकातली आंबील मिटक्या मारत चाटू लागली.

"व्याही," चनमल्लप्पा सावकाश म्हणाले, "ही चरवी रोज रिकामी व्हायची?"

"चाटूनपुसून," जगदेवप्पा प्रामाणिकपणे म्हणाले.

"अन मांजर तर आंबील खातंय. मग पंधरा दिस हे खाल्लं कुनी?"

सगळे जगदेवप्पांकडं बघू लागले. ईरम्मासुद्धा बघू लागली. त्या नजरा अशा होत्या की क्षणभर जगदेवप्पांनीही मनातल्या मनात आठवून पाहिलं, आपण तर नाही ना खाल्लं?

तेव्हा सिद्धव्वा उठली. सूप बाजूला ठेवलं, चुलीपाशी जाऊन चिमटा आणला, चिमट्यानं चरवीचा काठ धरला आणि परसात जाऊन हाक दिली, "काळ्या, ये रं."

काळ्या धावत आलं नाही. धावायची त्याला गरजच नव्हती. ते गोठ्याच्या मागच्या दारापाशी एका ठरलेल्या फरशीसमोर आधीच जाऊन बसलं होतं. सिद्धव्वानं चरवी फरशीवर उपडी केली. दोन मिनिटांत फरशी धुतल्यासारखी झाली.

"पंधरा दिस अंबाजीचं कुत्रं अंबाजीचीच कोंबडी खायलंय," सिद्धव्वा म्हणाली. "त्या मांजरीनं पैल्याच दिवशी तोंड फिरवलं. तिला म्या आंबील दिली, ती तिला मानवली."

"अव्वा, तुला ठाऊक होतं?"

"तू म्होरल्या दाराला कडी लावून न्हायला जायचास. गोठ्याला मागून दार हाय का न्हाई?"

"मग बोललीस कामून न्हाई?"

"तू तरी कुटं बोललास?" सिद्धव्वा म्हणाली. जगदेवप्पांनी मान खाली घातली. पन्नाशीला आलेल्या माणसाला आईपुढं लाज वाटावी तशी त्यांना वाटली, आणि थोडं हलकंही वाटलं.

चनमल्लप्पांनी वाकून वाटीत पाहिलं. मग ते ओसरीवर टेकले. "आंबील आंबट ताकातली का गोड्या?" त्यांनी विचारलं. "माझं बी पोट अलीकडं जरा नाजूकच झालंय."

ते दोन वाट्या आंबील प्याले, वर तांब्याभर पाणीही प्याले. गाडीत चढताना म्हणाले, "ज्या घरात साहेबाचं मांजर सुदिक शाकाहारी झालं, त्या घरची पोर मी सोडनार न्हाई." दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर गुणगुणणं सुरू झालं.

जगदेवप्पांना मात्र एक गोष्ट उमगेना. "अव्वा, नुस्त्या आंबिलीवर मांजर एवढं फुगलं?"

"आंबील ती तोंड बदलायला चाटती," सिद्धव्वा म्हणाली. "पोट भरती ती कडब्यातल्या उंदरांवर. औंदा एक पेंडी कुरतडली न्हाई, बघ जा."

"अव्वा! अन व्याह्यांना..."

"व्याह्यांनी चरवीतलं इचारलं, ते दाखवलं. उंदराचं कुनी इचारलं का? आपल्या चुलीवर शिजलं न्हाई, भायेरून दारात आलं न्हाई. घरचंच होतं, घरातल्यानंच खाल्लं."

बेगमसाहेब परतल्या. गुलनारला उचलून घेतलं आणि त्या चकितच झाल्या. हकिमांच्या औषधानं दोन वर्षांत जे झालं नाही ते महिन्यात झालं होतं. साहेबांनी पेशकारांना विचारलं, "क्या खिलाते थे?"

जगदेवप्पांना आई आठवली. "आंबील, हुजूर," ते म्हणाले. उंदरांचं साहेबांनी विचारलं नव्हतं.

हुकूम झाला की बंगल्यावर रोज आंबील यावी. बंगल्यात एकही उंदीर नव्हता, तेव्हा गुलनार पुन्हा यखनीवर गेली. पण साहेबांनी सहज एक घोट चाखून पाहिला, आणि इतक्या वर्षांची त्यांची जळजळ दोन दिवसांत थांबली. हुकूम तसाच राहिला.

तेव्हापासून दिवस मावळला की जगदेवप्पा पुन्हा चरवी घेऊन गल्लीतून निघू लागले. पहिल्या दिवशी काळ्या सवयीनं मागं लागलं, दहा पावलांवर वास घेऊन थांबलं आणि खाली मान घालून परत गेलं.

"अण्णा," अंबाजी दारातून ओरडला, "झाकण इसरलाव का? धूळ पडायलीय त्यात!"

"पडू दे," जगदेवप्पा म्हणाले. तेल्याच्या दुकानात बसलेल्या चौघांना नीट दिसावी म्हणून त्यांनी चरवी जराशी कलती धरली, आणि ते रस्त्याच्या मधोमध चालत पुढं गेले.