साठानं भागलं काय?

सिंदी मेघेतल्या आमच्या शेजारच्या वानखेडे काकांना कुणी पत्ता विचारला, की तेच उलट विचारतात, "अक्षांश-रेखांश अंश-मिनिटात सांगू का दशांशात?" पाहुणा बिचारा दारातच थिजतो.

काका पाटबंधारे खात्यात सर्वेक्षक होते. आता एकटेच राहतात. गल्लीत कुणाची लग्नपत्रिका छापायची असली, की मोबाइलवरचं ठिकाण आधी काका तपासणार. "एका अंशात साठ मिनिटं. फोनले दशांश लागते. मिनिटाले साठानं भागलं काय? नाई तं वऱ्हाड जाईन भलत्याच गावाले!" त्यांची पाठ वळली की आम्ही हसायचो.

गेल्या हिवाळ्यात माझी मुलगी श्वेता मैत्रीण प्रियाबरोबर कॉलेजच्या सहलीला गिरडच्या जंगलात गेली. दुपारी फोन आला. आवाज तुटत होता. "आई, प्रियाला साप चावला. वाट सापडत नाहीये. अॅम्ब्युलन्स पाठव. सरांच्या जीपीएस यंत्रावरचे आकडे घे. वीस, चाळीस... एकोणऐंशी, शून्य सात..." लाइन गेली.

मी मधे टिंब देऊन ते आकडे फोनमध्ये टाकले. नकाशावर खूण उमटली. अॅम्ब्युलन्सवाल्यांना फोनवर आकडे वाचून दाखवतच होते, तेवढ्यात कंपाउंडपलीकडून काका ओरडले, "थांब वं! साठानं भागलं काय?"

"काका, आत्ता नको!"

"खूण कुठं आली थे तं पाह्य!"

पाहिलं. गिरड कुठं आणि खूण कुठं! पार वरोऱ्याच्या बाजूला.

काका धावत आले, दारात चपला फेकल्या आणि वर्तमानपत्राच्या कडेवर गणित मांडलं. चाळीस भागिले साठ. सात भागिले साठ. तीनदा केलं. खूण सरकली ती गिरडच्या टेकडीमागं. मी नवे आकडे कळवले.

मग नुसती वाट पाहणं. काका पायरीवरून हलेनात. "घरी बसवत नाई वं. मी चुकलो असन तं?"

दिवस मावळताना फोन आला. प्रियाला दवाखान्यात वेळेवर नेलं होतं, ती शुद्धीवर होती. थोड्या वेळानं श्वेता जीपमधून उतरली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसेच अनवाणी घरी गेले.

मी चपला घेऊन मागोमाग गेले.

"आली तं बस ना जराशी," ते म्हणाले. "च्या मांडतो."

त्यांनी फळीवरून एक कप घेतला. दुसरा मात्र मागच्या डब्यांआड शोधावा लागला. सापडला तेव्हा त्यांनी आत डोकावून साचलेली धूळ पाहिली, आणि माझ्याकडे पाठ करून तो नळाखाली बराच वेळ धूत राहिले.