वाचता वाचता मागवलेले केक

"माणसानं विसरावं आणि यंत्रानं आठवावं, यालाच प्रगती म्हणतात!" असं जाहीर करून सर्वज्ञने खुर्चीत एक गिरकी घेतली. सर्वज्ञ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते ऑफिसने त्याला बहाल केलं होतं, आणि बिचारा ते कौतुक समजत होता!

त्यांच्या सॉफ्टवेअरचे आठ प्रकल्प होते. बिलं, हजेरी, गोदाम, असले. आठही प्रकल्प बिल्ड करणारी, म्हणजे कोडमधून चालतं सॉफ्टवेअर बांधून देणारी, सूचनांची स्क्रिप्ट मात्र एकच, आणि ती सगळेच दिवसभर चालवायचे. नवी आवृत्ती ग्राहकाकडे रवाना झाली की केक कापायचा असं ठरलेलं, पण तो मागवायला दर वेळी कुणीतरी विसरायचंच. म्हणून सर्वज्ञने त्या सकाळी स्क्रिप्टमध्येच ओळ घातली, की आवृत्ती निघताच केकची ऑर्डर आपोआप जावी. कुणाकडे? अर्थात बायकोकडे! तिने दवाखान्यातली नोकरी सांभाळून घरून केकचा धंदा नुकताच सुरू केला होता आणि तिचा फोन अजून मुकाच होता.

"बघच, गिऱ्हाइकं कशी रांग लावतात!" असं तिला सांगूनच तो घरून निघाला होता.

तासाभरात तिचा फोन. "अरे, ऑर्डर आली! तुमच्याच ऑफिसची!"

आवृत्ती तर संध्याकाळी निघायची होती. पण तिचा आवाज इतका खुलला होता, की तो "अभिनंदन!" म्हणून बसला. तिथेच चुकलं.

थोड्या वेळाने परत फोन. "सात झाल्या! तू सगळ्यांना सांगितलंस ना? किती गुणी रे माझा नवरा!"

गुणी नवऱ्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं आणि खरं सांगायचं राहूनच गेलं.

जेवणाच्या सुट्टीत तिसरा फोन. "एकोणीस! मी आणि आई फेटून फेटून दमलो. ऐक, मी ठरवलंय. दवाखान्यातल्या नोकरीचा राजीनामा आजच देते. संध्याकाळी डॉक्टरांना भेटायला जाणारे!"

सर्वज्ञच्या तोंडचं पाणी पळालं. ती नोकरी तिला किती खेटे घालून मिळाली होती! घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायला तो कीबोर्ड बडवत स्क्रिप्टला म्हणाला, "बाई, काही करू नकोस, तुला काय काय येतं तेवढंच सांग." स्क्रिप्टने पडद्यावर गुमान यादी दिली. लगेच फोन! "विसावी आली!"

त्याने स्क्रिप्टला नुसता जुन्या फायलींचा कचरा साफ करायला सांगितला. "एकविसावी!"

तो खुर्चीवर उभा राहून ओरडला, "कुणीही काहीही चालवू नका!"

"का? काय बिघडलं?" म्हणत, काय बिघडलंय ते बघायला सगळ्यांनी आपापल्या प्रकल्पासाठी स्क्रिप्ट चालवली.

"अरे," बायको धापा टाकत म्हणाली, "तुमच्याकडे कुणाचं लग्न आहे का?"

शेवटी साहेबांनी विचारलं, "ओळ घातलीस कुठे?"

"अगदी वर! सगळ्यांना दिसावी म्हणून."

साहेबांनी कपाळाला हात लावला. स्क्रिप्टला काहीही सांगा, ती आधी आठही प्रकल्पांच्या सूचना वाचून काय करायचं त्याचा बेत आखते. मग त्यातलं सांगितलं तेवढंच करते. करायचं काम म्हणूनच 'सांगेन तेव्हाच कर' अशा वेगळ्या पुडीत बांधून ठेवावं लागतं. सर्वज्ञची ओळ उघड्यावर होती, त्यामुळे बेत आखतानाच ऑर्डर जात होती. भाजी कुठली करायची हे ठरवतानाच गॅस पेटावा, तसं!

ओळ तिच्या योग्य जागी हलवून त्याने घाईघाईने फोन लावला. "राजीनामा देऊ नकोस! त्या ऑर्डरी खोट्या आहेत!" आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.  आता ती ओरडणार म्हणून त्याने फोन कानापासून लांब धरला.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "काय करायचं ते वाचतानाच करून टाकलं?"

"हो."

"आणि हे तू लिहिलंस?"

"...हो."

"मी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय. पहिला केक कुणीतरी हातात घेतल्याशिवाय देणार नव्हते. लिहिणं वेगळं आणि देणं वेगळं, एवढं मला कळतं!"

सर्वज्ञने सुटकेचा निःश्वास टाकला.

"केकचं मात्र तसं नाही हं," ती म्हणाली. "झाले तेवढे घेऊन आई मघाशीच टॅक्सीने निघालीय. ऑफिसची लिफ्ट बंद असेल तर खाली जा तिला घ्यायला, आणि केक जिन्याने तूच वर चढव!"

लिफ्ट बंद होती.